तन्वीच्या केसांचा रबर

माझ्या आजाराचं नाव एवढं लांब आहे की ते पुरतं म्हणेपर्यंत माणूस दुसऱ्यांदा आजारी पडेल. डॉक्टर मॅडमनी मला सोपं करून सांगितलं. अंगातले शिपाई येडे झाले आणि चोराला सोडून घरमालकालाच बडवायला लागले. घरमालक म्हणजे माझा मेंदू. मला एवढंच कळतं आणि तुम्हालाही एवढंच सांगते. औषधांची नावं नि रिपोर्ट मला विचारू नका.

मी लिहितेय ते दुसऱ्याच कारणासाठी. या आजारात मी माणसांना मारलं. चावले, ओरबाडलं, लाथा घातल्या. आजारातून उठलेली माणसं लिहितात तेव्हा देवाचे आभार मानतात, डॉक्टरांचे मानतात, घरच्यांनी किती केलं ते सांगतात. खरंच असतं ते. पण ज्या घरात आजारी माणसानंच मार दिलाय, त्या घरानं कुणाकडं बघायचं? त्यांच्यासाठी हे लिहितेय. दहावीपर्यंत शिकलेय, लिहिताना जमेल तेवढं शुद्ध लिहीन. बोलताना आम्ही असं बोलत नाही.

मी कुंदा. दिवाळे गावची, बेलापूरच्या खाडीकाठची. नवरा हरेश होडीवर जातो, मी बाजारात पाटी लावते. घरात सासू आणि एकुलती एक पोर, तन्वी.

तोंडाची फाटकी

एक आधीच कबूल करते, मी मुळातलीच भांडखोर. बाजारातल्या बायका म्हणायच्या, कुंदाकडं भाव करायला जायचं तर पोटभर जेवून जा. गिऱ्हाइकानं पापलेटाचा कल्ला तिसऱ्यांदा उघडून बघितला की माझं डोकं सटकायचं. "बाई, मासा घ्यायचाय का त्याचं लगीन जमवायचंय?" असं म्हणून मी पापलेट हातातून काढून घ्यायची.

म्हणूनच पंधरा दिवस माझा आजार कुणाला कळला नाही. एखाद्या गरीब गाईनं अचानक ताट भिरकावलं असतं तर घरच्यांनी दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला असता. मी ताट भिरकावलं तेव्हा सासू म्हणाली, "आज सकालीच सुरू झाली."

झोप उडाली होती. बोलता बोलता शब्द हरवायचे. एकदा समोर ठेवलेल्या सुरमईला काय म्हणतात तेच आठवेना. मी इतकी चिडले की कोयता फळीवर घातला नि फळी उभी चिरली. एका बाईनं फक्त "ताजी आहे ना?" एवढं विचारलं, तर मासळी धुतलेल्या पाण्याची बादली तिच्या अंगावर ओतली. सगळा बाजार हसला. मीसुद्धा हसले म्हणे. हरेशला मी सांगायची की पाटीतले मासे माझ्याकडं बघतात. तो म्हणायचा, "मंग तू त्यांच्याकडं बघू नको."

त्याला काय बोलणार? सतरा वर्षं रोज बोंब मारणाऱ्या बाईची खरी बोंब ओळखायची कशी, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

ती सकाळ

तन्वी तेव्हा नववीत होती. तिचे केस कमरेच्या खाली जायचे, दाट, काळेभोर. माझ्या सासूला कुणासमोर कशाचा तोरा मिरवायचा असेल तर नातीच्या केसांचा. हळदीला नि लग्नाला अंबाड्यावर वेणी माळली की गावातल्या बायका वळून बघायच्या. शाळेत दोन वेण्या लागायच्या, वर दुमडून रिबिनी बांधलेल्या.

रोज सकाळी बाजारात जायच्या आधी मी तिला पुढ्यात घ्यायची, ढोपरांत तिचे खांदे दाबून. गुंता आला की ओढायची. हलली की फणी टाळक्यात. "हलू नको गो, बोंबील हायस काय?" ती रडायची, मग नाक पुसून शाळेत जायची. माझ्या आईनं माझे केस असेच विंचरले, तिच्या आईनं तिचे. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या सकाळचं मला थोडंसंच आठवतं. ती म्हणाली, "आय, दुखतंय." आणि मला वाटलं, ढोपरांत कुणीतरी परकंच बसलंय आणि माझ्या पोरीचा आवाज काढतंय.

पुढचं मला कितीतरी दिवसांनी सांगण्यात आलं. मी वेणी मनगटाला गुंडाळली नि तिला फरफटत मोरीपर्यंत नेलं. तिचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं. एकदा नाही, दोनदा. ती ओरडत होती आणि मी ओढत होते. डाव्या बाजूची अर्धी वेणी मुळासकट, कातडीसकट माझ्या मुठीत आली. सासू मध्ये पडली. तिला असं कोपर मारलं की तिचा पुढचा दात तिथेच मोरीत पडला. हरेश धावत आला आणि त्यानं माझ्या थोबाडीत ठेवून दिली. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यानं माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. मी त्याच्या हाताचा लचका तोडायला गेले. शेजारचे दोघे आले. तिघांनी मिळून मला फरशीवर दाबून धरलं, आणि तिथेच मला आकडी आली. तोंडाला फेस, डोळे पांढरे.

आकडी आली म्हणून वाचले. नाहीतर हे भांडणच ठरलं असतं. दोन रिक्षा केल्या, एकीत मी, एकीत तन्वी. दोघींना एकाच हॉस्पिटलात नेलं. तिला टाके घातले आणि मला बांधून घातलं.

फळीवरची मासळी

हॉस्पिटलाचे पहिले दिवस माझ्या डोक्यात असे आहेत की मी माझ्याच फळीवर पडलेय. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका येतात, मला कुशीवर उलटवतात, खवले काढतात. आता पोट चिरतील, आता कल्ले काढतील. मग मी काय गप पडून राहणार? जो जवळ आला त्याला मी हाणलं. एकाचा चष्मा मोडला. सलाइनचा स्टँड पाडला. सुई लावायला आलेल्या सिस्टरच्या दंडात दात रुतवले ते दोघांनी जबडा धरून सोडवले.

त्या सिस्टरचं नाव सुनंदा. साताऱ्याकडची, हाडापेरानं मोठी. तिनं माझे दोन्ही हात नि पाय पट्ट्यांनी पलंगाला बांधले. मी तिला आमच्या कोळीवाड्यातल्या ठेवणीतल्या शिव्या घातल्या. ती म्हणाली, "घाल, घाल. तेवढंच माझं माहेरचं कुणीतरी बोलतंय असं वाटतं."

नंतर कळलं की मनगट सोलवटू नये म्हणून ती रोज सकाळी अंग पुसताना पट्ट्यांखाली नवा कापूस सरकवायची. दंडावर माझ्या दातांचे व्रण घेऊन हे करायची. आजही तिची आठवण आली की मला हात जोडावेसे वाटतात आणि लाजही वाटते.

"स्वभाव कसा आहे यांचा?"

आधी सगळ्यांना वाटलं की डोकं फिरलं. सासूचं वेगळंच चाललं होतं. "भायेरचं हाय, भगताकडं न्या." हरेश तिच्यावर खेकसला. दोघं माझ्या पलंगाशेजारीच भांडले म्हणे.

तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी कागद पुढे घेतला आणि विचारलं, "स्वभाव कसा आहे यांचा? आधीपासून अशाच आहेत?"

हरेश म्हणाला, "पहिल्यापासून अशीच. डोकं गरम."

सासूच्या तोंडात कापसाचा बोळा होता, तरी ती बोललीच. "लग्नाच्या मांडवात पन भांडली होती."

मॅडम लिहून घेत होत्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर तन्वी बसलेली, डोक्याला ही एवढी पट्टी. ती म्हणाली, "नाय. माझी आय अशी नाय."

"गप गो," सासू म्हणाली, "एवढं मारलं तरी तुला..."

"मारते ती. केस पन ओढते," तन्वी म्हणाली. "पन मी आय बोलले की थांबते. रोज थांबते. त्या दिवशी मी किती वेळा आय, आय बोलले. तिला आय म्हंजे काय तेच कळत नव्हतं."

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी तन्वीला परत पहिल्यापासून सगळं विचारलं, मासे बघतात ते, शब्द हरवतात ते. त्याच दिवशी माझ्या पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला आणि त्यात ते लांबलचक नाव निघालं.

म्हणजे जिचं डोकं मी फोडलं, तिनं मला वाचवलं. हरेशला डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा त्यानं बाहेरच्या भिंतीवर बुक्का मारला, दोन बोटं सुजवून घेतली. "आजारी बाईला मी थोबाडलं," एवढंच तो दिवसभर म्हणत होता.

तुमच्या घरातलं माणूस एकाएकी बदललं, तर कृपा करून "स्वभावच तसा" म्हणून मोकळे होऊ नका. तापट माणसालाही आजार होतो. घरातल्या लहानांना विचारा. ज्याला रोज मार बसतो त्याला मारातला फरक आधी कळतो. हे लिहिताना मला शरम वाटतेय, पण खरं आहे.

गाठ नको

औषधं चढवली, रक्त धुतलं, काय काय केलं. महिन्याभरानं पट्ट्या सुटल्या. अंगात ताकद नव्हती. चमचा तोंडाऐवजी कानाकडं जायचा. परत आलं ते सगळ्यात आधी काय? राग! जीभ वळायला लागली आणि पहिला शब्द शिवीच आला. दुधीची भाजी आली की ताट भिरकावायची, पण आता ते ताट पलंगाच्या कडेपर्यंतही जायचं नाही. त्याचा आणखी राग यायचा.

हातांसाठी थेरपीच्या मॅडम यायच्या. खांदेश्वरला राहायच्या, बारीक, शांत. एक दिवस त्यांनी क्रोशाची जाडी सुई आणली, निळ्या सुताचा गुंडा आणि केसांना लावायचा साधा काळा रबर.

सुनंदा सिस्टर दारातूनच ओरडली, "मॅडम, हिच्या हातात सुई? डोळा फोडेल कुणाचा तरी!"

"प्लास्टिकची आहे. टोक बोथट आहे."

"मग तुम्ही पुढं बसा," असं म्हणून सिस्टर माझ्या मागं उभी राहिली, पैलवान धरायला आल्यासारखी.

मॅडमनी दाखवलं. रबराच्या आतून सुई घालायची, सूत ओढून फास घ्यायचा, सुईवरच्या फासातून काढायचा. याला मुका खांब म्हणतात. असे मुके खांब रबराभोवती गच्च भरत जायचं, रबर दिसेनासा होईपर्यंत. मग दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात तीन-तीन उंच खांब घातले की झालर पडते. झाली स्क्रंची. "सगळ्यात सोपी वस्तू," त्या म्हणाल्या. "नवीन माणसाला एका बैठकीत जमते. तुम्हाला मुलगी आहे ना?"

मला एकोणीस दिवस लागले.

झालं काय, लहानपणी मी बापाशेजारी बसून जाळी शिवलेली. जाळ्याच्या प्रत्येक भोकाला गाठ, आणि गाठ दातानं ओढून घट्ट करायची. एक गाठ सैल राहिली तर मासा जातो नि बापाची चापट बसते. माझे हात जेवायचं विसरले, केस विंचरायचं विसरले, पण ही गाठ विसरले नव्हते. सुईवर फास घेतला की हात आपोआप त्याला गाठ मारायचा आणि तोंड खाली जाऊन दातानं ओढायचं.

"कुंदाताई, गाठ नको."

"गाठ नाय तर टिकेल कसं?"

"क्रोशात टाक्याटाक्याला गाठ नसते. एक फास दुसऱ्यात अडकतो, बस."

"आन टोक ओढलं तर?"

"सगळं उसवतं."

"मंग काय कामाचं ते!" मी सुई फेकली. ती सलाइनच्या बाटलीवर आपटली. सिस्टरनं मागून माझे दोन्ही खांदे धरले.

पण उसवतं म्हणाल्या ते माझ्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी विणून दाखवलेला तुकडा मी घेतला आणि टोक ओढलं. सर्रर्र करत सगळं सुटलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! चार दिवस मी तेवढंच केलं. त्या विणायच्या, मी फाडायची. पाचव्या दिवशी फाडायला काही उरलं नाही म्हणून मी झक मारत विणायला घेतलं.

एकोणिसाव्या दिवशी पहिला रबर पुरा झाला, गाठीगाठींचा. बांगडीसारखा कडक. मॅडमनी दोन्ही हातांनी ताणला, तर आतला रबर तसूभर हलेना. "अहो, हे केसांना बांधायचंय," त्या म्हणाल्या, "सुरमई नाही धरायची यात." सिस्टर खो खो हसली. मीही हसले. शुद्धीवर आल्यापासून पहिल्यांदा हसले.

कडक तर कडक, मी केला होता ना! तन्वीला द्यायचा ठरवला.

स्कार्फ

तन्वी फक्त रविवारी यायची. दाराजवळ उभी राहायची, डोक्याला स्कार्फ घट्ट बांधून. मी म्हणायची, "जवळ ये," तर म्हणायची, "इथंच बरंय." मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तुला आकडी आली, पडलीस, एवढंच. मला वाटायचं पोर हॉस्पिटलाला घाबरते.

त्या रविवारी मी रबर पुढे धरला. "ये गो. बघ काय केलंय मी. केस बांधते तुझे."

हरेश म्हणाला, "राहू दे आता."

"का राहू दे? माझ्या हातानं केलाय! इकडं ये म्हनते ना!" माझा आवाज चढला. तन्वीची पाठ भिंतीला लागली. मग तिनं डोक्याचा स्कार्फ काढला.

केस पोरांसारखे बारीक कापलेले. डाव्या कानामागं रुपयाहून मोठा गुळगुळीत डाग, गुलाबी, टाक्यांच्या खुणांचा. तिथे केस नव्हतेच.

"कशाला बांधू?" ती म्हणाली. रडली नाही.

माझं रक्त खवळलं. "कोनी केलं हे? मुडदा बशिवला त्याचा! नाव सांग मला, कोनी केलं?" मी पलंगावरून उतरायला गेले. पाय धड उभे राहत नव्हते, तरी मी कुणाचा तरी जीव घ्यायला निघाले होते. हरेश खाली बघत होता. सासूनं पदर तोंडाला लावला आणि तेव्हा मला तिच्या पुढच्या दाताची खिंड दिसली. तन्वी कुणाकडंच बघत नव्हती. ती माझ्या हातांकडं बघत होती.

तेव्हा मला कळलं. एका झटक्यात नाही, हळूहळू कळलं, आणि ते त्याहून वाईट होतं.

"ते आजारानं केलं का तू?" तिनं विचारलं.

सुनंदा सिस्टर पुढे झाली. "आजारानं गं बाळा."

"मी आयला विचारलं," तन्वी म्हणाली.

ती स्कार्फ बांधून बाहेर गेली. मी तो रबर दाराकडं फेकला, आणि मग दोन्ही हात पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटले. परत परत आपटले. डाव्या हाताच्या बोटाचं हाड तडकलं. त्या दिवशी मला पुन्हा बांधलं. या वेळी मी सिस्टरला शिव्या घातल्या नाहीत. बांधा, म्हटलं, नीट बांधा.

घरी आल्यावर

घरी आले तर सासूनं कोयते लपवलेले. मोरीच्या कठड्याला नवीन लादी लावलेली. सासू चपाती चहात बुडवून खायची. मी एकदा तिच्या पाया पडले, तर म्हणाली, "ऊठ, पडायचाच होता तो दात." तिनं मला इतक्या सहज सोडलं की मला तिचाच राग आला.

तन्वीनं नाही सोडलं. बरणी काढायला मी हात वर केला की तिचं डोकं खांद्यात जायचं. ती आजीजवळ झोपायची. माझ्याशी बोलायची, पाणी द्यायची, गोळ्यांची वेळ झाली की सांगायची, पण नेहमी हाताच्या अंतरावरून. मला एकच गोष्ट पाहिजे होती. तिनं एकदा माझ्या पुढ्यात पाठ करून बसावं. बाकी बरं होणं न होणं मी डॉक्टरांवर सोडलं होतं.

राग जात नव्हता. अंगात कळ यावी तसा यायचा. तो आला की मी सूत-सुई घेऊन धक्क्यावर जायची आणि सुकत घातलेल्या बोंबलांच्या कडेला बसून विणायची. जाळी शिवणारे म्हातारे चेष्टा करायचे. "कुंदा, जालं लय बारीक झालं का गो?"

"तुमच्या तोंडाच्या मापाचं हाय," मी म्हणायची.

दात लावायचा नाही, हे शिकायला मला दोन महिने लागले. सूत करंगळीवरून सोडायचं, ओढायचं नाही. टाका एवढा सैल ठेवायचा की सुई परत त्यातून गेली पाहिजे. हात थरथरायचा, टाका सुटायचा, मी उसवायची. पण आता मजेसाठी नाही. जमलेले रबर रिकाम्या बरणीत टाकत गेले. तन्वीला मी त्यांचं नावही काढलं नाही. थेरपीच्या मॅडमनी सांगितलं होतं, तिला घाई करू नका. मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, हे ऐकलं.

फणी

वरीस होत आलं. ती दहावीत गेली. केस खांद्याला टेकले. शाळेत मोकळे चालत नाहीत, म्हणून ती स्वतःच कसेबसे बांधायची.

एका सकाळी मी चहा घेत होते. ती युनिफॉर्ममध्ये आली, हातात फणी आणि भिंतीवरचा आरसा. आरसा तिनं पाण्याच्या कळशीला टेकवून उभा केला आणि माझ्या पुढ्यात बसली. ढोपरांत नाही, थोडी लांब.

"मला तुझं तोंड दिसलं पाहिजे," ती म्हणाली.

"बरं," मी म्हटलं.

फणी हातात घेतली आणि परत खाली ठेवली. आधी बोलायला पाहिजे होतं. "तू तेव्हा विचारलंस ना, आजारानं का तू?"

आरशात ती माझ्याकडं बघत राहिली.

"मोरीवर आपटलं ते आजारानं. त्यातलं मला काय पन आठवत नाय. पन फनी टाळक्यात मारायची ती मी. ओढायची ती पन मीच. आजार यायच्या आधीची."

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"परत नाय मारणार."

"बघू."

एवढंच म्हणाली. लाडीगोडी नाही, गळ्यात पडणं नाही. माझीच पोर ती.

मी विंचरायला घेतलं. मधेच फणी अडकली. तिचे दोन्ही खांदे कानाला भिडले आणि आरशातले डोळे मिटले. मी फणी तिथेच सोडली. बरणीतून क्रोशाची सुई काढली आणि तिच्या बोथट टोकानं गुंता सोडवायला बसले. एक केस, मग दुसरा. आमच्या जन्मात आम्ही गुंता असा सोडवला नव्हता. बाहेर कुणीतरी मासळीची पाटी घेऊन हाक मारून गेलं. तिकडं शाळेची घंटा झाली, आम्हा दोघींना स्पष्ट ऐकू आली. ती उठली नाही. तिचे खांदे केव्हा खाली आले ते मला कळलं नाही.

गुंता सुटल्यावर तिनं दप्तरातून काहीतरी काढून मागं हात केला. तो पहिला रबर होता, गाठीगाठींचा, मी दाराकडं फेकलेला. वर्षभर तिच्याजवळ होता.

"हा ताणत नाय गो," मी म्हटलं.

"म्हाईत हाय. लाव तरी."

लावला. एवढीशी शेपटी, ती त्यात गेली आणि रबर घसरून माझ्या मांडीवर पडला. तन्वी हसली. मी हसायला गेले नि माझं रडं फुटलं. मग बरणीतला एक काढला, निळा, सैल टाक्यांचा, मोठ्या झालरीचा. दोन वेढ्यांत बसला. झालर मी मुद्दाम डाव्या कानामागं पसरली.

"झाकलं?" तिनं विचारलं.

"झाकलं."

ती पळत गेली. पहिला रबर मात्र परत दप्तरात घालून गेली.

संध्याकाळी तिनं शाळेची डायरी माझ्यापुढं टाकली. बाईंनी लाल पेनानं शेरा मारला होता: विद्यार्थिनी अर्धा तास उशिरा आली, कारण विचारता 'आई केस बांधत होती' असे सांगितले, पालकांनी दखल घेऊन सही करावी.

पेन धरताना हात अजून कापतो. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण सही मीच केली.